पाचवा ‘का’ लिहायचा राहिला

प्रति,
सप्लाय चेन, परचेस आणि मटेरियल विभागांचे प्रमुख,
चाकण, रांजणगाव, वाळूज आणि परिसरातल्या वाहन कंपन्या

सप्रेम नमस्कार.

भोसरी एमआयडीसीत माझं एक लहान प्रेस शॉप आहे. वडिलांनी नोकरी सोडून एका सेकंडहँड पॉवर प्रेसवर ते सुरू केलं. मी बी.कॉम. झाले आणि ‘जरा हिशोब बघ’ म्हणून त्यांनी मला गाळ्यावर बसवलं, त्याला आता अठरा वर्षं होतील. बावीस माणसं आहेत. पत्र्याचे ब्रॅकेट, क्लॅम्प, प्लेटा बनवतो. काही कंपन्यांना थेट देतो, बहुतेक माल मधल्या मोठ्या वेंडरमार्फत तुमच्या गाड्या जोडायच्या लाइनवर येतो. तुमच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर आमचा एखादा तुकडा बॅटरीच्या खाली नाहीतर वायरिंगच्या बाजूला सापडेल, पण तो कुणी बघावा असा नसतो. धरून ठेवणं एवढंच त्याचं काम.

थकलेलं बिल मागायला हे पत्र लिहीत नाही. त्यासाठी मी तुमच्या अकाउंट्सला फोन करते आणि ती माणसं शक्य तेवढं सांभाळून घेतात. मला बोलायचंय ते मोजण्याबद्दल. सप्लाय चेन सुधारल्याने धंद्याला किती फायदा झाला हे तुम्ही दरवर्षी मोजता. ते मोजमाप तुमच्या गेटवर येऊन थांबतं, आणि तिथे थांबल्यामुळे तुम्हाला स्वतःचाच खरा फायदा-तोटा दिसत नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मागच्या हिवाळ्यात एका कंपनीच्या वेंडर मीटला गेले होते. पडद्यावर आलेख आला. सुट्या भागांचा साठा तीन वर्षांपूर्वी अकरा दिवसांचा होता, तो आता चार दिवसांवर आणला होता. त्यातून मोकळं झालेलं भांडवल, वाचलेली जागा, वाचलेलं व्याज, सगळं नीट मांडलेलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, मनापासून, कारण असा आकडा खाली आणायला तुमच्या स्टोअरच्या आणि प्लॅनिंगच्या पोरांनी किती रात्री काढल्या असतील याची मला कल्पना आहे. परत येताना मोशीला ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली. बसल्या बसल्या मी माझ्या गाळ्यातले रॅक डोळ्यांसमोर आणले. तीन वर्षांपूर्वी त्या कंपनीचा तयार माल मी तीन दिवसांचा ठेवत होते. आता दहा दिवसांचा ठेवते. तिकडे अकरातून सात गेले, इकडे तिनात सात आले.

साठा होता तेवढाच राहिला. फक्त पुणे-नाशिक रस्त्याने पंधरा-वीस किलोमीटर खाली, भोसरीला सरकला.

दहा दिवसांचा माल मी हौसेने ठेवत नाही. मंगळवारी संध्याकाळी मेल येतो आणि गुरुवारचं शेड्युल, म्हणजे कुठला माल किती पाठवायचा ते, बदलतं. माल नसेल तर लाइन थांबेल, आणि लाइन थांबली तर मिनिटांच्या हिशोबाने डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापल्याचा कागद, येईल. ती एकदा आली की महिन्याची कमाई त्यात जाते. चिंबळी फाटा ते आळंदी फाटा हा पट्टा कधी वीस मिनिटांत जातो, कधी दोन तास घेतो. मग आम्ही काय करणार? आधीच बनवून ठेवतो. रात्रपाळी लावून बनवतो, पिशव्यांत भरून, टॅग लावून रॅकवर चढवतो आणि वाट बघतो.

एक साधं गणित करू. समजा, एक कोटीचा माल तुमच्याकडून पुरवठादारांकडे सरकला. तुम्हाला बँक आठ टक्क्यांनी पैसे देत असेल तर तुमच्या अहवालात वर्षाला आठ लाख वाचले. आमच्यासारख्यांची कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या बँक कर्जाची, लिमिट बारा टक्क्यांची असेल तर बाहेर बारा लाख लागले. गाडी एकच, ग्राहक एकच, आणि तिच्या साखळीतून चार लाख हवेत गेले. ते परत कुठे येतात? पुढच्या वेळी आम्ही भाव मागतो त्यात येतात. तुम्ही भाव दिला नाहीत तर पत्र्याच्या दर्जात, माणसांच्या पगारात, मशीनच्या देखभालीत येतात. चार लाख कुणीतरी भरतोच.

व्याजाखेरीज आणखी एक गोष्ट आहे, ती कुठल्याच आलेखात येत नाही. दोन वर्षांपूर्वी एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग बदललं, एक भोक दोन मिलिमीटर सरकलं. पूर्वी असं झालं तर तीन दिवसांचा माल भंगारात जायचा. त्या वेळी दहा दिवसांचा गेला. मी त्या गोण्या भंगारवाल्याच्या काट्यावर चढताना उभी राहून बघितल्या. पत्रा नवाकोरा होता, त्यावर तेलसुद्धा ओलं होतं.

आणि काही ठिकाणी तर माल माझ्या गाळ्यातही नसतो. कंपनीच्या शेजारी भाड्याच्या वेअरहाउसमध्ये असतो. लाइनवर जितका ओढला जाईल तितक्याचंच बिल होतं. तोवर तो कागदावर माझा, भाडं माझं, गंज चढला तर जबाबदारीही माझी. तुमच्या लाइनपासून तो पाचशे मीटरवर असतो आणि तुमच्या ताळेबंदात मात्र कुठेच नसतो.

हे वाईट हेतूने होतं असं मी म्हणत नाही. मोजण्याची पद्धतच तुम्हाला तिकडे ढकलते. १९९६ मध्ये अमेरिकेत सप्लाय चेन कौन्सिल निघाली आणि तिने ‘स्कोअर’ नावाची मोजमापाची चौकट आणली. तुमच्यातल्या अनेकांनी ती एमबीएला शिकली असेल. तिच्यातलं एक मोठं माप म्हणजे कॅश-टू-कॅश, कच्च्या मालाला दिलेला रुपया विक्रीतून परत यायला किती दिवस लागतात ते. साठ्याचे दिवस अधिक ग्राहकाकडून येण्याचे दिवस वजा पुरवठादाराला देण्याचे दिवस. त्या सूत्रात आम्ही वजाबाकीच्या चिन्हापुढे बसलेलो आहोत. आमचे पैसे जितके उशिरा, तितका तुमचा आकडा सुंदर. माझा साठा वाढतो तो तर सूत्रात येतच नाही. मी अकाउंट्सची विद्यार्थिनी आहे, सूत्राशी माझं भांडण नाही. एका कंपनीच्या रोकडीबद्दल ते बरोबर सांगतं. साखळी सुधारली का, हा प्रश्न त्याला विचारला की उत्तर चुकतं.

साठ्याच्या दिवसांचंही तसंच. साठा भागिले विकलेल्या मालाचा खर्च गुणिले ३६५. ज्या वर्षी गाड्या धडाक्याने खपतात त्या वर्षी भाजक वाढतो आणि दिवस आपोआप कमी होतात. तेव्हा श्रेय बाजाराचं की तुमच्या विभागाचं, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. मंदीच्या वर्षी तीच माणसं, तीच पद्धत, आणि दिवस वाढलेले दिसतात. मग विभागप्रमुखाला बोलणी बसतात. ती अन्यायाची असतात हेही मी तुमच्या बाजूने सांगते.

मार्चबद्दल लिहायलाच हवं. तुम्ही ज्या ज्या ठिकाणी काम केलंय तिथे हे पाहिलं असेल. पंचवीस मार्चच्या आसपास फोन येतो, ‘मॅडम, एकतीसपर्यंत माल पाठवू नका, इनवर्ड बंद आहे, माल आत घेत नाही.’ एकतीस तारखेच्या साठ्याचा आकडा ताळेबंदात छापला जातो, म्हणून त्या आठवड्यात गेट मिटतं. आमच्याकडे मात्र प्रेस चालूच असतात, कारण एक एप्रिलला सकाळी तुम्हाला दुप्पट माल हवा असतो. त्या आठवड्यात गाळ्यात पाय ठेवायला जागा राहत नाही. मालाचे बिन पॅसेजमध्ये, बिन संडासाच्या दारापाशी. बँकेची लिमिट त्याच आठवड्यात कडेला लागते, त्याच आठवड्यात जीएसटीचा आणि वर्षअखेरीचा हिशोब. मग एक एप्रिलला सगळ्या वेंडरांचे टेम्पो एकदम तुमच्या गेटवर. मागच्या वर्षी आमचा ड्रायव्हर सकाळी सातला रांगेत लागला आणि दुपारी पावणेतीनला आत गेला. डबा त्याने स्टिअरिंगवरच खाल्ला. वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी एका दिवसाचा आकडा नीटनेटका दिसावा म्हणून पंधरा दिवस सगळी साखळी आचके देते. रोजच्या साठ्याची सरासरी तुमच्या सिस्टिममध्ये आहेच. ती छापा. तिला लपायला जागा नसते.

आता मी ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमचा एक लॉट तुमच्यापैकी एका कंपनीच्या लाइनवर रिजेक्ट झाला. ब्रॅकेटच्या कडेला बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कोर, होता. वायरिंगचं कव्हर कापलं जाऊ शकतं असा बर म्हणजे गंभीर गोष्ट, रिजेक्ट करणं योग्यच होतं. आमची दोन माणसं तीन दिवस तुमच्याकडे उभं राहून एकेक तुकडा तपासत होती. नंतर नेहमीचा फॉर्म आला, पाच वेळा ‘का’ विचारायचा. मी आणि आमच्या सुपरवायझरने बसून भरला. बर का आला? पत्रा कापणाऱ्या साच्याची, डायची, धार गेली होती. धार का गेली? प्रेसचे ठरलेले ठोके (स्ट्रोक) झाल्यावर डाय धार लावायला, ग्राइंडिंगला, पाठवली नाही. का पाठवली नाही? देखभालीचं वेळापत्रक पाळलं नाही. इथे तुमच्या क्वालिटीच्या साहेबांनी म्हटलं, बस, मूळ कारण सापडलं, ऑपरेटरला ट्रेनिंग द्या आणि चेकशीट लावा. आम्ही चेकशीट लावली. ती अजून भिंतीवर आहे.

चौथा ‘का’ मला ठाऊक होता. वेळापत्रक का पाळलं नाही? कारण डाय तीन दिवस बाहेर पाठवायची तर तीन दिवसांचा माल आधी बनवून ठेवायला हवा, आणि त्या महिन्यात शेड्युल चार वेळा बदललं होतं. बनवून ठेवलेला माल दुसऱ्याच पार्टचा निघाला. शिवाय ग्राइंडिंगवाल्याचे मागचे पैसे द्यायचे राहिले होते, तो नवीन डाय हातात घेत नव्हता. आणि पाचवा? त्याचे पैसे का राहिले? कारण आमची बिलं तुमच्याकडे अडकली होती. माल गेटमधून आत गेला होता, लाइनवर लागलाही होता, पण जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची तुमची नोंद, झाला नव्हता, आणि जीआरएन झाल्याशिवाय तुमच्या सिस्टिममध्ये पैशांची मुदत सुरूच होत नाही.

हा पाचवा ‘का’ मी लिहिला नाही. भीती वाटली. पुरवठादाराने फॉर्ममध्ये ग्राहकाचं नाव लिहायचं नसतं हे आम्हाला न सांगता कळतं. म्हणून तुमच्या फायलीत त्या रिजेक्शनचं कारण ‘ऑपरेटर’ असं आहे. ज्या मुलाचं नाव तिथे गेलं तो चांगला कामगार होता. चार महिन्यांनी तो सोडून गेला. आणि तुमच्या विभागाच्या अहवालात त्याच तिमाहीत दोन ओळी असणार. एका ओळीत देणी लांबवून रोकड सुधारली, ते तुमचं यश. दुसऱ्या ओळीत बाहेरून येणाऱ्या मालातले दोष वाढले, ते वेंडरचं अपयश. दोन्ही ओळी एकाच गोष्टीच्या आहेत हे सांगणारी तिसरी ओळ तिथे नसते.

पाच ‘का’ विचारायची रीत टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी रुजवली असं तुमच्याच ट्रेनिंगमध्ये शिकले, म्हणून टोयोटाचीच एक गोष्ट आठवते. १ फेब्रुवारी १९९७, शनिवारची पहाट. जपानमध्ये कारिया इथल्या आयसिन सेइकी या टोयोटाच्या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. मागच्या चाकांच्या ब्रेकचा दाब सांभाळणारा एक मुठीएवढा व्हॉल्व्ह तिथे बनायचा, आणि टोयोटाला लागणारे जवळजवळ सगळे व्हॉल्व्ह तिथूनच यायचे. टोयोटाकडे साठा अगदी थोडा. दोन-चार दिवसांत तिच्या जपानमधल्या बहुतेक असेंब्ली लाइन थांबल्या. ‘अगदी वेळेवर माल’ ही पद्धत किती नाजूक आहे हे सांगायला ही गोष्ट नेहमी वापरतात. मला तिचा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. आयसिनने ड्रॉइंग मागेल त्याला दिली. दोनशेच्या घरात पुरवठादार कामाला लागले. ज्यांनी आयुष्यात कधी ब्रेकचा भाग बनवला नव्हता असे, शिलाई मशीन बनवणारी ब्रदरसुद्धा त्यांच्यात होती. भाव आधी ठरवायला कुणी थांबलं नाही. आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. नंतर आयसिनने या कंपन्यांचा खर्च भरून दिला, आणि टोयोटाने आपल्या थेट पुरवठादारांना त्या तिमाहीतल्या विक्रीच्या एक टक्का रक्कम वर आभार म्हणून दिली.

त्या आठवड्यात टोयोटाला वाचवलं ते गेटबाहेरच्या कारखान्यांनी. त्यांच्याकडे हात होते, मशीन होती, हातात थोडे पैसे होते आणि ग्राहकावर विश्वास होता. ही ताकद कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही, पण आग लागली की तीच कामाला येते. उद्या चाकणला अशी वेळ आली तर आमच्यापैकी किती जणांकडे दोन दिवस सगळं सोडून, भाव न विचारता तुमच्या कामाला लागण्याची ऐपत उरली आहे? मन आहे. ऐपतीबद्दल मला काळजी वाटते.

जपानमधल्या २०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने आणखी एक गोष्ट केली. कुठला भाग बंद पडला तर तो पुन्हा सुरू व्हायला किती काळ लागेल हे तपासलं, आणि ज्याला जास्त काळ लागतो त्याचा साठा मुद्दाम वाढवायला सांगितला. चिपच्या बाबतीत पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांचा. २०२१ मध्ये चिपची टंचाई आली तेव्हा सुरुवातीचे महिने इतरांच्या मानाने तिला बरे गेले ते यामुळे. साठ्याच्या दिवसांच्या मापाने बघितलं असतं तर तो साठा ‘वाईट’ ठरला असता.

शेड्युलबद्दल थोडं. आमचं डिलिव्हरी रेटिंग तुम्ही काढता ते शेवटच्या सुधारित शेड्युलवर. पहिलं शेड्युल काय होतं, ते किती वेळा बदललं, किती दिवस आधी बदललं, याचं रेटिंग कुणी काढत नाही. शेवटच्या ग्राहकाची मागणी जरा हलली की साखळीत मागे मागे जाताना ऑर्डरची उसळी मोठी होत जाते, हे एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी दाखवून दिलं. चाबकाची मूठ बोटभर हलते आणि टोक हातभर उडतं, तसं. त्या टोकाला आम्ही आहोत, आणि आमच्या पलीकडे आमच्या मालावर जस्ताचा मुलामा चढवणारा प्लेटिंगवाला आहे. तुमच्या गाड्यांची विक्री महिन्याला थोडीशी वर-खाली झाली तरी माझ्या एखाद्या पार्टची ऑर्डर एका आठवड्यात शून्य आणि पुढच्या आठवड्यात तिप्पट असते. वेंडर मीटमध्ये ‘तुमची क्षमता वाढवा’ असं सांगतात. त्या तिपटीच्या आठवड्यासाठी मी नवीन प्रेस घेतली तर शून्याच्या आठवड्यात तिचा हप्ता कोण भरेल?

पैशांच्या मुदतीबाबत कायदा काय म्हणतो ते तुमच्या लीगलला माहीत आहे, पण सप्लाय चेनच्या बैठकीत ते क्वचित येतं, म्हणून लिहिते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. करार नसेल तर १५ दिवस. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजायचे, आणि पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल ज्या दिवशी पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा धरतो. तुमचा जीआरएन कधी झाला याच्याशी त्याचा संबंध नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. ते व्याज मागितल्याचं मी अजून एकाही शेजाऱ्याच्या तोंडून ऐकलं नाही. मागणारा पुढच्या वर्षी वेंडर लिस्टमध्ये असेल का, हा प्रश्न असतो. जपाननेही असा कायदा केला, १९५६ मध्येच, आणि तिथली साठ दिवसांची मुदतही माल हाती पडल्यापासून मोजतात, तपासणी झालेली असो वा नसो.

मग २०२३-२४ या वर्षापासून आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरायचा. २०२४ च्या मार्चमध्ये आमची कितीतरी जुनी बिलं निघाली. म्हणजे पैसे होते. मोजण्याची रीत बदलली आणि वागणूक बदलली, एवढंच मला त्यातून दाखवायचंय. ट्रेड्ससारखी बिलं वटवायची व्यवस्था आहे, अडीचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. पण तुमच्या बाजूने बिल मान्य झाल्याशिवाय आम्हाला तिथून रुपया मिळत नाही, आणि नोंदणी करून बिल मान्यच न करणाऱ्या कंपनीला कुठल्या आलेखात कमी गुण पडतात?

जीएसटीचं एक बारीक पण टोचणारं सत्य आहे. जानेवारीत मी बिल केलं तर त्यावरचा कर मला वीस फेब्रुवारीपर्यंत भरावा लागतो. तुम्हाला त्याचं क्रेडिट, म्हणजे तुमच्या करातून तेवढी वजावट, लगेच मिळतं. माझे पैसे एप्रिलमध्ये येतात. मधले दोन महिने तुमच्या क्रेडिटचे पैसे माझ्या कॅश क्रेडिटमधून गेलेले असतात. हेही कुणाच्या तरी ‘वर्किंग कॅपिटल सुधारणे’त मोजलं गेलं असेल.

मी स्वतः काय करते तेही सांगायला हवं, नाहीतर हे पत्र अर्धं खोटं ठरेल. आमच्या ब्रॅकेटना झिंक प्लेटिंग होतं ते बाहेर, दोन गल्ल्या सोडून एका काकांकडे. माझे पैसे अडकले की मी त्यांचे अडकवते. वर्षानुवर्षं अडकवलेत. त्यांच्याकडच्या दोन मुलांचे पगार माझ्यामुळे पुढे गेलेत हे मला त्यांच्या तोंडून कळलं, आणि त्यांनी ते तक्रारीच्या सुरात सांगितलंही नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर मी माझी खतावणी उघडली आणि वर्षभरात ज्या ज्या महिन्यात त्यांना उशिरा पैसे दिले त्या महिन्यांसमोर प्लेटिंगचं रिजेक्शन लिहून काढलं. उशिराच्या पुढच्या महिन्यात रिजेक्शन वाढलेलं होतं. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा. काकांनी प्लेटिंगच्या टाकीतलं रसायन बदलायला तेवढे दिवस लावले होते. माझा वाचलेला पैसा माझ्याच रिजेक्शनमध्ये गेला होता. आता त्यांना मी ठरल्या दिवशी देते, स्वतःचं काहीतरी मागे ठेवून. त्यांचा माल सुधारलाय.

ही कॉमर्सवालीने वहीत केलेली नोंद आहे, अभ्यास म्हणून तिची किंमत किती ते मला कळतं. एका गाळ्यावरून, एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही. पण तुमच्याकडे शेकडो पुरवठादारांची पाच-दहा वर्षांची माहिती एकाच सिस्टिममध्ये पडून आहे. कोणाला किती दिवसांनी पैसे दिले ते फायनान्सकडे, कोणाचा दोषदर किती ते क्वालिटीकडे, कोणाचं शेड्युल किती वेळा बदललं ते प्लॅनिंगकडे, कोणासाठी मध्यरात्री जादा टेम्पो धावला ते लॉजिस्टिक्सकडे. चार विभागांच्या चार फायली एका टेबलावर ठेवून कुणी पाहिल्यात का? मला वाटतं तिथे तुम्हाला तुमच्या धंद्याबद्दल असं काही सापडेल जे कुठल्याही सल्लागाराने अजून सांगितलेलं नाही. आणि मी चुकीची ठरले तर तेही कळू दे.

त्याहून चांगलं म्हणजे करून बघायचं. सगळी कंपनी बदला असं मी म्हणत नाही. एका वेंडरचे वीस पार्ट घ्या, जोड्या लावून, एकाच जातीचे, साधारण सारख्या खपाचे. त्यातल्या दहांचं शेड्युल एक आठवडा गोठवा. सोमवारी दिलं की शनिवारपर्यंत हलवायचं नाही. उरलेले दहा जसे चालतात तसे चालू द्या. सहा महिने. दोन्हीकडे तुमचा साठा आणि आमचा साठा एकत्र मोजा, वेअरहाउसमधला धरून, रोजच्या सरासरीने. दोष मोजा, जादा फेऱ्या मोजा, लाइन थांबलेली मिनिटं मोजा, टेम्पो गेटवर किती तास उभा राहिला ते मोजा, कारण त्या तासांचं डिझेल आणि ड्रायव्हरचा रोज शेवटी पार्टच्या भावातच येतो. दुसऱ्या एखाद्या वेंडरकडे हेच पैशांच्या मुदतीबाबत करा, दिवस गेट एंट्रीपासून धरून. बाजार तेजीत असो की मंदीत, दोन्ही गटांवर तो सारखाच असेल, त्यामुळे फरक दिसला तर तो खरंच तुमच्या बदलाचा असेल. मार्चच्या आलेखात ही खात्री कधीच मिळत नाही.

आणि तो पाच ‘का’चा फॉर्म. त्यात एक रकाना वाढवा, ‘ग्राहकाच्या बाजूचं कारण’, आणि तो भरणाऱ्यावर काही होणार नाही हे तुमच्या सहीने लिहून द्या. पहिले काही महिने कुणी भरणार नाही. मीही कदाचित भरणार नाही. मग एखादी भरेल, तिला काही झालं नाही हे बाकीचे बघतील.

माझे वीस पार्ट मी निवडून ठेवलेत, दहा-दहाच्या जोड्या लावून. गेल्या अडीच वर्षांतली शेड्युलच्या बदलांची वहीही आहे, तारीखवार, मेलच्या प्रिंट जोडून. ती तुमच्या ऑफिसला आणून द्यायला मी तयार आहे. गुरुवारी आमची सुट्टी असते, त्या दिवशी दिवसभर मोकळी आहे. कुणाला भेटायचं तेवढं कळवा.

आपली,
भोसरीतली एक पुरवठादार